विमानामागची रेघ : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर

प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे नंतर पळवाट नको. एकाच निळ्या आकाशात एका विमानामागे लांबलचक पांढरी रेघ असते आणि पाठोपाठ जाणाऱ्या दुसऱ्यामागे काहीच नसतं. काही दिवशी आकाशाची पाटी रेघोट्यांनी भरून जाते. काही दिवशी विमानं तितकीच, पण पाटी कोरी. हे ठरतं कशावरून? आणि आदल्या दिवशी सांगता येईल का?

सामान जमलं. गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसवलेला वाइड अँगल कॅमेरा, दर दहा सेकंदांना एक फोटो. विमानं स्वतःहून सतत पाठवत असतात ते एडीएस-बी संदेश पकडणारा रिसीव्हर. त्यातून उंची, वेग, दिशा आणि विमानाचा प्रकार कळतो. शिवाय हवामान फुग्याची आकडेवारी, दिवसातून दोनदा. तारा-वायरी धाकटा भाऊ बघणार. वही आणि दुर्बीण माझ्याकडे.

पैज लागली आहे. मी म्हणते, वर थंडी जास्त असेल त्या दिवशी रेघ दिसणार. तो म्हणतो, "ताई, थंडीचा काय संबंध? वरच्या हवेत ओल किती आहे ते बघ."

१४ नोव्हेंबर

पहिले तीन दिवस वाया. कॅमेऱ्याचं घड्याळ स्थानिक वेळेवर आणि रिसीव्हरचं यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), त्यामुळे फोटोतली रेघ एका विमानाची आणि नोंद भलत्याच विमानाची. आता सगळं यूटीसीवर आणलं. चूक माझी होती असं भावाचं म्हणणं आहे. वहीत तसं लिहिणार नाही.

१५ नोव्हेंबर

या रेघेला जो तो धूर म्हणतो. धूर असता तर विमान धावपट्टी सोडतानाच सर्वांत जाड रेघ दिसली असती, कारण इंजिन तेव्हाच सपाटून इंधन जाळत असतं. रेघ आहे पाण्याची, नेमकं सांगायचं तर बर्फाच्या बारीक कणांची. इंधनातला हायड्रोजन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो, त्यामुळे एक किलो इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाणी तयार होतं. जाळलं त्याहून जास्त पाणी! हे मी दोनदा पडताळून पाहिलं.

पण हे पाणी तर प्रत्येक विमान सोडतं, रोज. मग रोज रेघ का नाही? बाष्प डोळ्यांना दिसत नाही, ते गोठलं तरच दिसतं. म्हणजे प्रश्न पुन्हा हवेकडेच येतो.

१९ नोव्हेंबर

आभाळ स्वच्छ, वारा मंद. अर्ध्या तासात तीन विमानं जवळजवळ डोक्यावरून गेली. ३९,००० फुटांवरच्या विमानामागे रेघ. ३७,००० वाल्यामागेही रेघ. ३४,००० वालं नुसतंच चकाकत निघून गेलं, मागे काही नाही. फुग्याचे आकडे काढले: ३४,००० फुटांच्या पातळीवर उणे ४४ अंश, ३७,००० वर उणे ५१, ३९,००० वर उणे ५५.

मी जिंकले, असं वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं.

२० नोव्हेंबर

जिंकले खरी, पण उणे ४४ काय कमी थंडी आहे? त्या थंडीत रेघ का उमटू नये? हा हिशेब जुना आहे. १९४१ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी तो मांडला आणि १९५३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी वैमानिकांच्या उपयोगाचा केला. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांच्या मागची रेघ म्हणजे शत्रूला दाखवलेलं बोटच होतं, त्यामुळे कोणत्या उंचीवर रेघ उमटणार नाही हे आधी कळणं जिवाच्या मोलाचं होतं.

सूत्र पाठ करण्यापेक्षा बेरीज करून बघितली. इंजिनातून येणारा झोत तापलेला आणि ओला, बाहेरची हवा गार. दोन्ही मिसळत जातात तशी झोताची जादा उष्णता आणि जादा बाष्प एकाच प्रमाणात पातळ होतात. ३४,००० फुटांवर, म्हणजे २५० हेक्टोपास्कल दाबाला, झोत बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश गरम असेल, त्या प्रत्येक अंशामागे त्यात सुमारे १.७ पास्कल जादा बाष्प असतं (पास्कल हे दाबाचं एकक, बाष्पही त्याच्या दाबाने मोजतात).

आता समजा तिथली हवा उणे ५२ अंश आहे आणि आर्द्रता ४० टक्के. हवेचं स्वतःचं बाष्प सुमारे २ पास्कल. झोत निवत निवत उणे ४२ वर आला, म्हणजे हवेपेक्षा अजून १० अंश गरम आहे. त्याचं बाष्प १७, हवेचं २, मिळून १९. उणे ४२ ला हवा पेलते सुमारे १५. उरलेल्या बाष्पाला थेंब होण्यावाचून गत्यंतर नाही, आणि एवढ्या थंडीत ते थेंब तत्क्षणी गोठतात.

कालचं उणे ४४ घेतलं. आर्द्रता तीच ४० टक्के, हवेचं बाष्प ५ पास्कल. झोत उणे ३८ ला असताना बेरीज १५ आणि हवा पेलते २३. पुढेमागे सगळे टप्पे तपासले. बेरीज कुठेच पुरी पडत नाही. झोत विरून जातो, दिसत काहीच नाही.

गंमत अशी की मिसळण्याआधी झोतही संपृक्त, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेला, नसतो आणि हवाही नसते. दोघांचं मिश्रण मात्र काही क्षण संपृक्ततेच्या पलीकडे जातं. हवेची बाष्प पेलण्याची ताकद तापमानासोबत सरळ रेषेत वाढत नाही, वर वळत जाते, म्हणून हे होतं.

या उंचीवरचा उंबरठा: हवा अगदी ओलीचिंब असेल तर सुमारे उणे ४२, अगदी कोरडी असेल तर सुमारे उणे ५१. मधल्या पट्ट्यात ओल किती यावर ठरतं. भावाने हे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलं आहे.

२८ नोव्हेंबर

दुर्बिणीतून एक मोठं दोन इंजिनांचं विमान सबंध पाहायला मिळालं. इंजिनाला रेघ चिकटलेली नसते! मध्ये मोकळी जागा असते, साधारण विमानाच्या लांबीइतकी. झोत तिथे अजून निवतो आहे. मग एकदम, कुणीतरी खडू टेकवावा तशा दोन बारीक पांढऱ्या रेघा सुरू होतात, एका इंजिनाची एक. थोड्या मागे त्या पंखांच्या टोकांकडून येणाऱ्या भोवऱ्यांत गुंडाळल्या जातात आणि दोन घट्ट दोऱ्या होतात. मिनिटभराने त्या दोऱ्या लाटांसारख्या डुलायला लागल्या, ठरावीक अंतरावर एकमेकींना भेटल्या आणि साखळीच्या कड्या तयार झाल्या. भोवरे रेघेला खालीही ओढतात. कॅमेऱ्याच्या फोटोत यातलं काहीही येत नाही, तिथे नुसती एक रेघ.

थेंब धरायला काहीतरी बी लागतं. ते इंजिनच पुरवतं: किलोभर इंधनामागे एकावर चौदा-पंधरा शून्यं इतके काजळीचे कण. धूर म्हणणारे अगदीच चुकत नव्हते म्हणायचं.

३ डिसेंबर

वर कडाक्याची थंडी. ३९,००० फुटांवर उणे ५६. माझ्या हिशेबाने आज आभाळ रेघांनी भरायला हवं होतं. रेघा उमटल्या, सगळ्यांच्या मागे उमटल्या, पण आखूड. विमानामागे शेपटीसारखी रेघ, आणि शेपटीचं टोक पुसत पुसत विमानाच्या वेगानेच पुढे सरकतं. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश झाकले जातात. शेपूट तीन मुठींची होती. त्या उंचीवर डोक्यावर तीन मुठी म्हणजे सहा किलोमीटरच्या थोडं वर, आणि विमानाच्या वेगाने भागलं की रेघेचं आयुष्य: सत्तावीस सेकंद.

भाऊ शेजारी उभा होता. "थंडी तर आहे ना? मग कुठे गेली रेघ?"

वहीत आजवर एकच रकाना होता, 'रेघ दिसली का'. त्याचे दोन केले: 'उमटली का' आणि 'किती वेळ टिकली'. जुन्या सगळ्या फोटोंची नोंद पुन्हा करावी लागणार. आणखी एक दुरुस्ती: ज्या तासात डोक्यावरून विमानच गेलं नाही, तिथे मी आजवर 'रेघ नाही' असं लिहीत होते. ते चूक आहे. तिथे आता आडवी रेघ.

९ डिसेंबर

सकाळी नऊच्या रेघा अकरालाही आकाशात. आधी दोरीसारख्या, मग फणीच्या दातांसारख्या, मग पिंजलेल्या कापसाच्या पट्ट्या. दुपारपर्यंत अर्धं आकाश पांढुरकं झालं. यातला स्वतःचा ढग कोणता आणि विमानाचा कोणता, हे सकाळपासून बघत बसलेल्यालाच सांगता आलं असतं. जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या मेघसंग्रहात अशा ढगांना रीतसर नाव मिळालं आहे: दहा मिनिटांहून जास्त टिकलेली रेघ म्हणजे सिरस होमोजेनिटस. माणसामुळे जन्मलेला तंतुमेघ.

भाऊ खूश. आज ओल दाखवायचीच म्हणून त्याने फुग्याचे आकडे काढले आणि गप्प झाला. ३८,००० फुटांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता ६४ टक्के. ६४ टक्क्यांत ढग? तिथे तर बर्फाचे कण सुकून जायला हवेत. संध्याकाळी दोघंही हिरमुसून बसलो. आज वहीत पैजेबद्दल काही नाही.

१० डिसेंबर

चूक सापडली, आणि चांगलीच बोचली. फुग्याची आर्द्रता पाण्याच्या हिशेबाने दिलेली असते, द्रव पाण्याच्या. वर आहे बर्फ. बर्फातले रेणू एकमेकांना जास्त घट्ट धरून असतात, त्यामुळे त्यांच्यातून बाष्प कमी सुटतं आणि हवा कमी बाष्पातच 'भरते'. उणे ४० ला पाण्याच्या हिशेबाने ६८ टक्के म्हणजे बर्फाच्या हिशेबाने पूर्ण १००. उणे ५० ला तर ६२ टक्केच पुरतात. कालचे ६४ टक्के उणे ५३ अंशांवरचे होते. बर्फाच्या हिशेबाने ते १०० च्या वर गेले. अशा हवेत बर्फाचा कण सुकत नाही, उलट हवेतलं बाष्प ओढून वाढतो. रेघ रुंद होत जाते ती अशी. इंजिनाने दिलेलं पाणी ही सुरुवातीची उसनवारी. जाडजूड झालेल्या रेघेतलं बहुतेक सगळं पाणी आजूबाजूच्या हवेचंच असतं.

मग त्या हवेत आधीच ढग का नव्हता? बर्फाचा कण आपोआप जन्माला यायला बर्फाच्या हिशेबाने दीडशे टक्क्यांच्या आसपास ओल लागते, किंवा नेमक्या जातीची धूळ. ती नसली तर हवा भरूनही निळीशार राहते. आपल्याला खालून ती कोरडी हवा आणि ही भरलेली हवा सारखीच दिसते. विमान मधून गेलं की फरक उघडा पडतो.

सगळे जुने आकडे बर्फाच्या हिशेबात उतरवले. १९ नोव्हेंबरची हवा: ७१ टक्के. ३ डिसेंबरची: ३८ टक्के. सत्तावीस सेकंदांचं गूढ उकललं.

१७ डिसेंबर

आज डोक्यावर रुंद रेघ, आणि गेल्या अर्ध्या तासात वरून विमानच नाही. भावाने रिसीव्हर दोनदा बंद-चालू केला. रिसीव्हर ठीक होता. वरचा वारा सेकंदाला ४५ मीटर होता. वीस मिनिटांत रेघ ५४ किलोमीटर वाहत येते. ही रेघ दुसऱ्याच कुणाच्या आकाशात उमटलेली, आमच्याकडे नुसती पाहुणी. म्हणजे उमटण्याची नोंद फक्त विमान नजरेसमोर असतानाच धरायची. आठवड्याभराच्या सात नोंदी खोडल्या.

२३ डिसेंबर

पूर्वेकडे जाणाऱ्यांच्या रेघा तासन् तास, पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या मिनिटभरात गायब. तासभर हेच चाललं. भावाने गंभीरपणे विचारलं, "पूर्वेकडे जाणारे वेगळं इंधन भरतात का गं?"

कारण साधं निघालं. विमानं समोरासमोर येऊ नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार फूट आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार फूट देतात. मध्ये अंतर फक्त हजार फूट, तीनशे मीटर. आज पूर्वेची सगळी विमानं ३७,००० वर होती, पश्चिमेची ३६,००० किंवा ३८,००० वर. भरलेल्या हवेचे थर आडवे शेकडो किलोमीटर पसरतात, पण जाडीला बरेचदा काहीशे मीटरच असतात. आजचा थर ३७,००० ला धरून होता आणि वरखाली कोरडं. दोन मजल्यांच्या मधला दमट पोटमाळा.

तुटक रेघाही अशाच. विमान एका ओल्या तुकड्यातून कोरड्यात आणि पुन्हा ओल्यात शिरतं, आपल्याला वाटतं कुणी बटण चालू-बंद करतंय. त्यावरून आकाशात फवारणी चालल्याचे निरोप फोनवर फिरतात. एकदा उत्तर दिलं होतं. आता देत नाही.

५ जानेवारी

३५,००० फुटांवर, एकाच वाटेने, दहा मिनिटांच्या अंतराने दोन विमानं. नवीन इंजिनाच्या विमानामागे रेघ, जुन्यामागे नाही. मला वाटलं उलटं असायला हवं. जुनं इंजिन जास्त मळकट. पण २० नोव्हेंबरच्या बेरजेतच उत्तर होतं. चांगलं इंजिन इंधनातली जास्त ऊर्जा विमान ढकलायला वापरतं, झोतात कमी उष्णता सोडतं. पाणी मात्र तेवढंच. मग दर अंशामागे बाष्प जास्त, आणि उंबरठा थोड्या कमी थंडीत ओलांडला जातो. हे जर्मन संशोधकांनी प्रत्यक्ष उडवून दाखवलं आहे: एअरबस ए-३४० आणि जुनं बोइंग ७०७ शेजारी शेजारी, एकाच हवेत. एअरबसमागे रेघ, बोइंगमागे स्वच्छ. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

१४ जानेवारी

ढग. चार दिवस काही नोंद नाही, म्हणून वाचन.

विषुववृत्ताजवळच्या आकाशात रेघा विरळ का असतात, हे उंचीच्या कोष्टकावरून कळलं. तिथे तपांबर (वातावरणाचा सर्वांत खालचा थर) उंच, १६-१७ किलोमीटरपर्यंत, आणि १० किलोमीटरवर अजून उणे ३६ च्या आसपास. विमान सर्वांत ओल्या आकाशातून जातं आणि तरी रेघ नाही, कारण थंडीच पुरी पडत नाही. तिथे १२ किलोमीटरच्या जवळ चढावं लागतं. ध्रुवांकडे उलट. तपांबर तिथे बुटकं, विमान सहज त्याच्या वरच्या थरात, स्थितांबरात शिरतं. रेघ उमटायला हवी तेवढी थंडी असते, पण हवा हाडासारखी कोरडी, त्यामुळे टिकत नाही. पंख्यांची छोटी विमानं बहुतेक आठ किलोमीटरच्या खालूनच जातात, त्यांच्यामागे रेघ न दिसण्याचं कारण एवढंच.

एक आकडा मात्र डोक्यातून जात नाही. २०१८ सालच्या जगभरच्या विमानवाहतुकीचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या रेघा आणि त्यांच्यापासून झालेल्या ढगांचा पृथ्वी तापवण्यातला वाटा चौरस मीटरला सुमारे ५७ मिलिवॉट धरला आहे, आणि विमानांनी आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३४. अनिश्चितता मोठी आहे, पण तरी. जपानच्या हवाई हद्दीवरच्या एका अभ्यासात फक्त २.२ टक्के उड्डाणांनी रेघांच्या एकूण परिणामाचा ८० टक्के भाग घडवला होता. २३ डिसेंबरचा पोटमाळा आठवला.

२९ जानेवारी

दहा दिवसांची चाचणी संपली. रोज आदल्या रात्री फळ्यावर दोन अंदाज लिहायचे. 'उमटेल का' यात दहापैकी दहा बरोबर. 'टिकेल का' यात दहापैकी सहा. चुकलेल्या चारपैकी तीन दिवशी फुगा म्हणत होता कोरडं आणि आकाश म्हणत होतं ओलं. फुगा सेकंदाला पाच मीटर वर चढतो, तीनशे मीटरचा थर एका मिनिटात पार करतो, आणि एवढ्या थंडीत त्याचा आर्द्रतेचा सेन्सर सुस्तावलेला असतो. थर त्याच्या लक्षात येईपर्यंत तो वर निघून गेलेला. चौथी चूक माझी. सूर्य मावळतीला असताना क्षितिजाजवळची रेघ आमच्या आकाशातली समजले. क्षितिजापासून १० अंशांवर दिसणारी रेघ सुमारे ६० किलोमीटर दूर असते.

पैजेचं काय, असं भावाने विचारलं. फळ्यावरच्या दोन्ही रकान्यांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, माझा रकाना जास्त अवघड होता. हे खरं आहे.

२ फेब्रुवारी

दुपारी पातळ, रव्यासारखा ढग सगळीकडे सारखा पसरलेला. त्यातून एक विमान चढत गेलं आणि मागे उलटी रेघ उमटली: पांढऱ्यात निळी. हा ढग अतिशीत थेंबांचा असतो, गोठायला निमित्त शोधत असलेल्या थेंबांचा. विमान मधून गेलं की वाटेतले थेंब गोठतात, आसपासच्या थेंबांचं पाणी ओढून जड होतात आणि खाली गळतात. ढगात चर पडतो. आजच्या चरात मध्यभागी गळणाऱ्या बर्फाचा एक बारीक, चमकणारा धागा दिसत होता. दुर्बिणीतून पंधरा मिनिटं बघितला.

वहीत यासाठी रकाना नाही. समासात लिहिलं.